पंचावन्न मिनिटं

४ तारीख, मंगळवार

केंद्रात रुजू होऊन दोन आठवडे झाले आणि मला नेमकं कशासाठी घेतलंय ते आज कुठे कळलं. गावामागच्या डोंगरउतारावर चौसष्ट यंत्रं पुरलेली आहेत. जमीन केसभर कलली किंवा सरकली तरी ती टिपतात, दर दहा सेकंदांनी एक आकडा. हे सगळे आकडे एका कुलूपबंद खोलीतल्या एकाच जुन्या संगणकावर येऊन पडतात. उताराखाली घरं आहेत एकशे दहा. डोंगर हललाच तर ते पहिल्यांदा कळणार त्या खोलीची किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याला, आणि किल्ली असते केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे साहेबांच्या खिशात.

मला ही माहिती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडेल असं साधन निवडायचं आहे. केंद्रात, नगर अभियंत्यांच्या टेबलावर, अग्निशमन दलाच्या फोनवर, आणि जमलं तर पुढे लोकांच्या घरीही. करार एका वर्षाचा, शिफारस सहा आठवड्यांत.

आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे भिंतीला खिडकी पाडायची आहे." चाळीस वर्षं शिवणकाम केलंय तिने. कुठलंही काम सांगा, तिचं माप आधी तयार.

७ तारीख, शुक्रवार

तीन साधनं निवडीत उरली. त्यांची लांबलचक नावं लिहायचा कंटाळा येतो म्हणून मी त्यांना टोपणनावं दिली आहेत. पहिलं "देखणं". एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर आहे. डोंगराचा नकाशा आणि त्यावर चौसष्ट ठिपके, सगळं ठीक तर हिरवे, बिघडलं तर लाल. बघताक्षणी कळतं. दुसरं "मोकळं". ते कुणालाही फुकट वापरता येतं, आतलं बदलताही येतं, पण सुटे भाग आणून आपणच जोडायचे. महिनाभर मान मोडून काम करावं लागेल. तिसरं "ठोकळा". तो नुसते तक्ते दाखवतो आणि फोनवर उघडला की अडकतो.

खरी अडचण आकड्यांच्या ढिगाची आहे. रोज साडेपाच लाख नोंदी. एवढ्या एकदम पाठवल्या तर ब्राउझर गुडघे टेकतो, म्हणून प्रत्येक साधन काही ना काही गाळतं. देखणं तासाभराची सरासरी काढून तेवढीच पाठवतं, त्यामुळे पानावर बोट टेकवायच्या आत उघडतं. मोकळं दर टप्प्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा राखतं. जड आहे.

माझं मन देखण्यावर बसलंय. ते लपवण्यात अर्थ नाही.

११ तारीख, मंगळवार

आज साहेबांना आणि मिस्त्रींना तिन्ही साधनं दाखवली. मिस्त्री म्हणजे यंत्रं सांभाळणारा माणूस. दर आठवड्याला डोंगर चढून एकेक यंत्र पुसतो, सव्वीस वर्षं झाली.

देखण्यावर मी मुद्दाम एक ठिपका लाल करून ठेवला होता. साहेब चष्मा काढून, परत लावून, पडद्याला नाक लागेल इतके वाकले आणि म्हणाले, "यातलं वाईट कुठलं?"

लाल ठिपका समोर ढळढळीत दिसत होता. मला वाटलं परीक्षा घेतायत. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना, सर." एवढंच म्हटलं, तर ते उठून उभे राहिले. "रंगांवर विसंबून राहायचं नाही. आकडा दिसला पाहिजे, रेघ दिसली पाहिजे." आणि निघून गेले. मिस्त्री जमिनीकडे बघत बसला.

मग त्याने जुन्या संगणकावरचा कालचा आलेख आणि माझा आलेख शेजारी धरला. "ताई, ही मधली टोकं कुठे गेली?"

"सरासरीत गेली. ती टोकं म्हणजे गोंगाट असतो, काका. जड गाडी गेली, कुत्रं पळालं."

"असेल," तो म्हणाला. "पण मला कधी कधी त्यातच कळतं."

सव्वीस वर्षांची सवय आहे, एकदम सुटायची नाही.

१४ तारीख, शुक्रवार

साहेब माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत. आज एक फॉर्म मुख्यालयातून परत आला, कारण साहेबांनी लाल शाईत सही केली होती. पेन माझ्या टेबलावरून उचललं होतं. त्यांनी ते पेन माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "असली पेनं इथे ठेवत जाऊ नका." सही स्वतः करायची आणि दोष माझ्या पेनाला.

त्यांच्या खोलीत प्रत्येक वायरीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे. तांबडी, हिरवी, करडी. ज्याला त्याला लहान मूल समजतात. मिस्त्री तर त्यांच्यापुढे दिव्यांची आरोळी देतो: "साहेब, हिरवा लागला." साहेब मान हलवतात. इतकी हुजुरेगिरी मी कुठे पाहिली नाही.

२० तारीख, गुरुवार

साहेबांनी देखणं लेखी नाकारलं. कारण एका ओळीचं: "रंगाधारित असल्याने अयोग्य." दोन आठवड्यांची मेहनत त्या एका ओळीत खलास. मी विचारायला गेले तर म्हणाले, "लिहिलंय तेवढं पुरे आहे."

दुपारी मी मुख्यालयाला पत्र लिहिलं. केंद्रप्रमुख नव्या साधनांना सबळ कारणाशिवाय विरोध करतात, जुना संगणक आणि त्याची किल्ली आपल्याकडेच राहावी असा त्यांचा कल दिसतो, असं स्पष्ट लिहिलं. एकही शब्द खोटा नाही.

संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. ती शिवणाचे टाके उसवत होती. "त्या माणसाला विचारलंस का, अडचण काय आहे म्हणून?"

"विचारलं. सांगत नाही."

"अगं, सांगत नाही म्हणजे नसेलच असं नाही."

पत्र तोवर गेलं होतं.

२७ तारीख, गुरुवार

मुख्यालयाचा आदेश आला. पुढचा महिनाभर देखण्याची चाचणी घ्यायची. ड्यूटीच्या टेबलावर फक्त तेच चालवायचं, जुनी खोली बंद ठेवायची, कारण दोन्ही चालू राहिली तर माणसं जुन्याकडेच वळतात. ते वाक्य माझ्या पत्रातलं आहे, जसंच्या तसं.

आदेश वाचताना साहेबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. एवढंच विचारलं, "धोक्याची घंटा जोडलेली आहे का?"

"ती खरेदीनंतर जोडून मिळते, सर. चाचणीत नाही."

"म्हणजे माणसाने डोळे लावून बसायचं."

"लाल ठिपका कुणालाही दिसेल," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार. पण त्यांनी आदेश घडी करून खिशात ठेवला.

३ तारीख, गुरुवार

चाचणीचा तिसरा दिवस. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. साहेबांनी ड्यूटीचं वेळापत्रक बदलून टेबलावर कायम दुसरंच कुणीतरी बसेल असं केलंय. अंग काढून घेतायत, दुसरं काय. नगर अभियंता बाई मात्र खूश आहेत. पुढच्या गुरुवारी त्यांच्या कार्यालयात येऊन फोनवर दाखवा म्हणाल्या.

८ तारीख, मंगळवार

तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. सगळे ठिपके हिरवे. दर तासाला बघते आणि दर तासाला बरं वाटतं.

१० तारीख, गुरुवार

क्रमाने लिहिते.

साडेबाराला मिस्त्री डोंगरावर गेला. सदतीस नंबरच्या यंत्रात पाणी शिरल्याचा त्याला संशय होता. ड्यूटीवरच्या माणसाच्या घरून फोन आला, त्याचं मूल तापाने फणफणलं होतं, म्हणून तो एक वाजता निघून गेला. टेबलावर बसायला साहेबांशिवाय कुणी उरलं नाही. मी अभियंता बाईंच्या कार्यालयात होते.

दोन वाजून सतरा मिनिटांनी मी त्यांना फोनवर नकाशा उघडून दाखवला. खालच्या ओळीत दोन ठिपके लाल होते, सदतीस आणि अडतीस.

बाई म्हणाल्या, "हे दाखवायला मुद्दाम केलंय का?"

मी केंद्रात फोन लावला. साहेबांनीच उचलला. "सर, खालच्या ओळीत काय दिसतंय?"

"सगळं ठीक आहे."

"सर, मला लाल दिसतंय."

ते म्हणाले, "कुठलं? नंबर सांगा."

"सदतीस. अडतीस."

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, किल्ल्या वाजल्या. मिनिटभराने परत त्यांचा आवाज. जुन्या संगणकावरची रेघ बघून ते बोलत होते आणि त्या आवाजात कसलीच घाई नव्हती. "बाईंना फोन द्या." मी माझा फोन बाईंच्या कानाला लावला. मला एवढंच ऐकू आलं, "खालच्या तीन गल्ल्या. आत्ता. सामान घेऊ देऊ नका."

एकोणतीस घरं पाऊण तासात रिकामी झाली. अग्निशमन दलाची माणसं दारं ठोठावत होती, मीही ठोठावली. एक आजीबाई चप्पल शोधत बसल्या होत्या, त्यांना मी अनवाणीच ओढून बाहेर काढलं. त्या मला शिव्या देत होत्या. तीन वाजून दहा मिनिटांनी उतार सुटला. आवाज मोठा नव्हता, पोतं ओतल्यासारखा होता. तीन घरांच्या मागच्या भिंती गेल्या. आत कुणी नव्हतं.

मिस्त्री वर होता. साहेबांनी त्याला लगेच फोन केला आणि तो उतरत होता, पण चिखलातून त्याला जेमतेम निम्मी वाट कापता आली. मातीने त्याला कडेच्या दगडांवर फेकलं. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला आहे. जीव वाचला.

१२ तारीख, शनिवार

सुट्टी असून केंद्रात गेले. साहेबही आले होते. माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. आजवर कधी बसले नव्हते.

"परवाचं दोन वाजून पाच मिनिटांचं पान उघडा."

उघडलं. लाल ठिपके तेव्हा पहिल्यांदा उमटले होते.

"यातला लाल कुठला, बोट ठेवून दाखवा."

मी दाखवला. त्यांनी माझ्या बोटाखाली बघितलं, मग शेजारच्या ठिपक्याकडे, परत बोटाखाली. "मला हे सगळे सारखेच दिसतात. चहाचे डाग पडल्यासारखे. जन्मापासून."

मी बोट पडद्यावरून काढून घेतलं.

"नोकरीच्या तपासणीला रंगांच्या पाट्या पाठ करून गेलो होतो. मिस्त्रीला माहीत आहे, दुसऱ्या कुणालाही नाही. दोन वाजून पाच ते दोन सतरा मी त्या पडद्याकडे एकटक बघत होतो. मधे मिस्त्रीचा फोन आला, खाली सगळं ठीक ना म्हणून. मी म्हटलं, ठीक आहे, काम उरक."

"सर, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही नीट विचारलं असतंत तर सांगितलं असतं, असं म्हणणार होतो. पण ते खोटं आहे. सांगितलं नसतं." ते उठले. "गुरुवारी चौकशी आहे. तिथे मीच सांगणार आहे. आधी तुमच्या कानावर घालावं म्हटलं."

चिठ्ठ्या, पेन, "हिरवा लागला". एवढे दिवस हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी आंधळी होते असं लिहिणार होते, पण त्या शब्दाचीच आज लाज वाटते.

१५ तारीख, मंगळवार

चौकशीसाठी त्या दिवसाच्या मूळ नोंदी काढून द्यायच्या होत्या. गाळलेल्या नाहीत, दर दहा सेकंदांच्या.

सदतीस नंबर एक वाजून दहा मिनिटांनी हलायला लागला होता. छोटे छोटे झटके, मधे शांतता, परत झटका. रेघेवर काट्यांसारखी टोकं दिसतात. देखण्याने ती सगळी तासाच्या सरासरीत विरघळवली आणि सरासरी वर चढून लाल व्हायला वाजले दोन पाच.

म्हणजे साहेबांची बारा मिनिटं. आणि त्याआधीची पंचावन्न माझी.

तासाची सरासरी कंपनीने सक्तीची केलेली नव्हती. सेटिंगमध्ये दुसरे पर्याय होते. पान भरभर उघडतं म्हणून मी ते तसंच राहू दिलं. मिस्त्रीने टोकं कुठे गेली विचारलं तेव्हा मी त्याला कुत्रं पळालं असं सांगितलं.

फाइल चौकशीला पाठवली. आकडे सगळे आहेत त्यात, पण पंचावन्न मिनिटं कुठे शोधायची हे सांगितल्याशिवाय कुणाला सापडायची नाहीत.

१७ तारीख, गुरुवार

चौकशी झाली. मुख्यालयातून दोन अधिकारी आले होते. टेबलावर माझं पत्र होतं, त्यावर पिवळी खूण. साहेबांनी ते पत्र बघितलं, माझी सही बघितली आणि पाण्याचा पेला जवळ ओढला.

ते उभं राहून बोलले. रंग दिसत नाहीत, नोकरीला लागताना लपवलं, बारा मिनिटं माझी. एकही शब्द जास्तीचा नव्हता.

मग अधिकारी माझ्याकडे वळले. "तुम्ही तर आधीच लिहून कळवलं होतं. प्रमुख नव्या साधनात आडकाठी करतात म्हणून."

"हो."

"साधन वेळेवर लाल झालं होतं?"

दोन पाचला लाल झालं होतं. मी म्हटलं, "दोन पाचला झालं."

"आणि प्रमुखांना दिसलं नाही."

"नाही."

त्यांनी वही मिटली. एकही उत्तर खोटं दिलं नाही मी. पत्राच्या वेळीही मी हेच म्हटलं होतं.

घरी आल्यावर आई काही विचारणार म्हणून डोकं दुखतंय सांगितलं. तिने विचारलं नाही. जेवण पुढे ठेवलं आणि समोर बसून राहिली. ते जास्त जड गेलं.

१८ तारीख, शुक्रवार

मिस्त्रींना भेटायला इस्पितळात गेले. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला, तरी मला बघून खाटेवर सरकून जागा केली.

"ताई, एक वाजल्यापासून पायाखालची माती फुरफुरत होती," तो म्हणाला. "सव्वाएकच्या सुमाराला साहेबांना पहिला फोन केला. ते म्हणाले, ठीक दिसतंय. मी म्हटलं, खाली कुणी बघतंय म्हणजे काळजी नाही. नाहीतर मी तेव्हाच उतरलो असतो."

सव्वाएकला ठिपका खरोखरच हिरवा होता. तेव्हा साहेबांच्या जागी गरुडाच्या नजरेचा माणूस बसवला असता तरी त्याला हिरवाच दिसला असता.

"काका, ते हिरवं माझ्यामुळे होतं," मी म्हटलं. आणि सरासरीची गोष्ट त्याला पहिल्यापासून सांगितली. टोकांसकट.

त्याने प्लास्टरकडे बघितलं. मला वाटलं, जवळ घेऊन समजूत घालेल. वयाने माझ्या वडिलांएवढा आहे. पण तो म्हणाला, "मग हे इथे कशाला सांगताय? माझ्याकडे काय आहे? जिथे सांगायचं तिथे सांगा. आणि आता जा, मला पडायचंय."

तिथून थेट केंद्रात आले. साहेब टेबलाचे खण रिकामे करत होते. चौकशीने त्यांना ड्यूटीवरून काढून मागच्या खोलीत कागदपत्रांच्या कामाला बसवलंय, निवृत्तीपर्यंत. मी दारातच उभी राहून म्हटलं, "सर, पंचावन्न मिनिटं माझी आहेत."

"माहीत आहे," ते म्हणाले. "किल्ली फिरवून रेघ बघितली, तेव्हाच दिसली."

"मग काल बोलला का नाहीत?"

"तुमचं पत्र समोर पडलं होतं. मी बोललो असतो तर उट्टं काढल्यासारखं झालं असतं." त्यांनी एक खण ओढला, रिकामा बघून परत लावला. "आणि खरं सांगायचं तर तुम्ही बोलता का ते बघायचं होतं. नाही बोललात. फार राग आला मला. अजून आहे."

"मी आता लिहिणार आहे."

"लिहा. पण माझ्यासाठी लिहू नका. मी लपवलं ते लपवलंच. पुढचं साधन तुम्ही निवडाल, त्यात परत तीच चूक होऊ नये म्हणून लिहा."

त्याच खोलीत, त्यांच्या रिकाम्या टेबलावर बसून मुख्यालयाला दुसरं पत्र लिहिलं. पहिल्या पत्राला अडीच पानं लागली होती. हे अर्ध्या पानात संपलं. वेळा, सरासरी, मिस्त्रीचा प्रश्न, माझं उत्तर. पहिल्या पत्रात केंद्रप्रमुखांबद्दल लावलेला हेतू चुकीचा होता, हेही. पाठवायच्या आधी त्यांना वाचायला दिलं. त्यांनी एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि कागद परत दिला.

२४ तारीख, गुरुवार

मुख्यालयाचा फोन आला. करार पुढे वाढवणार नाहीत. असलेला पूर्ण करायचा आणि काम अर्धवट टाकायचं नाही. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग उरलेले महिने नीट शीव."

शिफारस मी मोकळ्याची केली आणि ती मान्य झाली. टोकं राखणारं, जड, कुरूप. धोक्याच्या जागी रंगासोबत काळा त्रिकोण आणि शेजारी मोठा आकडा. साहेब दुपारी मागच्या खोलीतून येतात आणि कुठल्या यंत्राचा त्रिकोण किती हलल्यावर पेटवायचा ते सांगतात. माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. त्रिकोणांबद्दल मात्र तासभर बोलू शकतात. मिस्त्री फोनवरून भांडतो.

१६ तारीख, शुक्रवार

तीन आठवडे मान मोडून काम केलं, म्हणून इथे काही लिहिलं नाही. आज पान सुरू झालं. ड्यूटीच्या टेबलावर, अभियंता बाईंकडे, अग्निशमन दलात आणि उताराखालच्या एकशे दहाही घरांत. सकाळी त्याचा पत्ता दारोदार वाटला.

अकराच्या सुमाराला केंद्राचा फोन वाजला. एक बाई होत्या, मधल्या गल्लीतल्या. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"ते बावन्न नंबरचं यंत्र आमच्या मोरीच्या मागेच आहे ना?"

मी नकाशा बघितला. "हो. तुमच्या भिंतीपासून नऊ पावलांवर."

"त्याच्यापुढे आकडा दिसतोय. सतत थोडा हलतोय. हे बरोबर आहे का?"

"एवढं हलणं बरोबर आहे. त्रिकोण आला तर घराबाहेर पडायचं, मग फोन करायचा. आधी फोन नाही."

"कळलं." मागची भांडी वाजायची थांबली. "आता मी बघत जाईन. पण तुम्हीही बघत जा हं."

"आम्हीही बघतो," मी म्हटलं. खुर्ची पुढे ओढली आणि बावन्न नंबरची रेघ उघडली.